मजामां

शनिवारी दवाखान्याला कुलूप लावलं.
तेहतीस वर्षांत, विश्वामित्री रस्त्यावर आली ते दिवस सोडले
तर पहिल्यांदाच.
फळ्यावर गुजरातीत लिहिलं : डॉक्टर शिकायला गेले आहेत.
रमणभाई कंपाउंडर म्हणाला, साहेब, लोक हसतील.
हसू देत.

अलकापुरीतल्या हॉटेलात, तळघरातल्या सभागृहात
आम्ही एकवीस जण, गळ्यात नावाच्या पट्ट्या,
मागची खुर्ची मिळावी म्हणून लवकर आलेले.
सगळ्यांकडे शिकाऊ डॉक्टर येतात, एक किंवा दोन,
फॅमिली डॉक्टर कसं व्हायचं ते आमच्याकडून शिकायला.
शोशाम्माबाई केरळहून आल्या होत्या.
त्यांनी पहिलंच विचारलं :
तुम्हाला शिकवायला कोणी शिकवलं?
एसीचा आवाज तेवढा आला.

मला आठवले वॉर्डातले आमचे सर,
चुकलेल्या उत्तराला, पेशंटच्या देखत,
‘खंडेराव मार्केटात भाजी विका’ म्हणणारे.
मी त्या भीतीनंच अभ्यास केला,
आणि भीतीलाच बरीच वर्षं शिक्षण समजत आलो.
तसा मी ओरडत नाही.
मला वाटायचं, एवढ्यानं झालं.

मग पडदा.
प्रत्येकानं आपापल्या दवाखान्यातली दहा मिनिटं पाठवली होती.
माझं रावपुऱ्यातलं टेबल, पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ,
कवांटहून आलेली माझी कृपाली राठवा,
आणि समोर वाडीतल्या जशीबेन, गुडघा धरून.
कृपाली विचारते, केम छो, बा?
जशीबेन म्हणतात, मजामां.
या गावात ह्या एका शब्दाखाली
अख्खं घर झाकता येतं.
कृपालीला ते ठाऊक आहे. ती पेन खाली ठेवते.
थांबते.
जशीबेन पदराचं टोक बोटाला गुंडाळतात, सोडतात,
पुन्हा गुंडाळतात. ओठ हलतात,
आणि कडेनं कोणीतरी म्हणतं :
साखर किती आली?

तो मी.

बाईंनी चित्र नेमकं तिथे थांबवलं.
माझं तोंड उघडं, बोट रिपोर्टकडे.
टीका केली नाही. सेकंद तेवढे मोजले होते त्यांनी :
सात.

जेवणात कढी होती. मी दोनदा घेतली,
तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

दुपारी जोड्या पाडल्या. माझ्या वाट्याला नडियादचे
डॉक्टर व्होरा, ते शिक्षक, मी शिकणारा.
ते म्हणाले, कसं चाललंय शिकवणं?
मी म्हणालो, मजामां.
आणि ते थांबले.
नवशिक्यासारखे थांबले, घड्याळ बघत, पाय हलवत,
पण थांबले.
तेव्हा मी जे बोललो ते घरीही बोललो नव्हतो :
की हल्लीची निम्मी औषधं मला कृपालीकडूनच कळतात.
की मी मध्ये बोलतो ते येतं म्हणून नाही,
तिनं मला येत नाही ते विचारू नये म्हणून.
व्होरा काही लिहीत होते. लिहायचं थांबले.
म्हणाले, हो.
नुसतं हो. कागदावर तसला रकाना नव्हता.

सोमवारी कृपालीनं विचारलं, सर, शिबिर कसं झालं?
‘म’पर्यंत आलो होतो.
तेवढ्यात जशीबेन आल्या.

केम छो, बा?
मजामां.
मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.
बाहेर रिक्षा सुरू होत नव्हती, तिचा आवाज,
रमणभाईच्या बाटल्या.
सात झाले असतील. वीस झाले असतील.
जशीबेन म्हणाल्या, गुडघा.
फक्त गुडघा.
थांबलं की काही निघतंच असं नाही,
हेही कोणीतरी शिकवायला हवं होतं.

पण चप्पल घालताना त्या दारात वळल्या,
कृपालीला जवळ बोलावलं आणि कानाशी
काहीतरी बोलल्या, बराच वेळ.
मला ऐकू आलं नाही.
रिपोर्ट समोर पडला होता. मी तो
उचलला नाही.